कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा: चार्ज कसा घ्यायचा आणि खाती कोणत्या क्रमाने बंद करायची

लहान कंपन्यांत माणूस सोडून जातो त्या संध्याकाळी बहुतेक दोनच गोष्टी होतात. लॅपटॉप जमा करून घेतला जातो आणि ईमेल आयडी डिलीट केला जातो. पुढच्या आठवड्यात जीएसटी पोर्टलचा ओटीपी लागतो, तेव्हा कळतं की तो त्या डिलीट केलेल्या ईमेलवर आणि गेलेल्या माणसाच्या खाजगी मोबाइलवर जातोय. त्याच वेळी डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवरचं एनीडेस्क (दुसरीकडून तो कॉम्प्युटर चालवण्याचा प्रोग्रॅम), सीसीटीव्हीचं मोबाइल ॲप आणि गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप ग्रुप त्या माणसाकडे पूर्वीसारखेच चालू असतात. ज्याची मालकी आधी बदलायला हवी होती ते आपण बंद केलं आणि जे बंद करायला हवं होतं ते उघडं राहिलं.

हा सगळा क्रमाचा घोटाळा आहे. योग्य क्रम असा: आधी यादी, मग मालकी बदलणं, मग प्रवेश बंद करणं, मग तपासणी. डिलीट करणं सगळ्यांत शेवटी, काही महिन्यांनी.

हा लेख वीस ते शंभर माणसांच्या कंपनीसाठी आहे, जिथे वेगळं आयटी खातं नसतं आणि कॉम्प्युटरचं काम एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार असलेला बाहेरचा माणूस, बघतो. उदाहरण मुख्यतः अकाउंटंटचं घेतलं आहे, कारण बँक, कर, सही आणि पोर्टल या चारही गोष्टी त्याच खुर्चीत एकत्र येतात. अकाउंटंटचा चार्ज नीट घेता आला की सेल्स, परचेस किंवा स्टोअरचा घेणं सोपं जातं.

टप्पा १ : नोंदवही, राजीनामा येण्याच्या आधी

कोणाकडे काय आहे हे राजीनामा आल्यावर शोधायला बसलात तर माहितीसाठी जाणाऱ्या माणसावरच अवलंबून राहावं लागतं. माणूस अचानक आजारी पडला, अपघात झाला, तर विचारायलाही कोणी नसतं. म्हणून एक नोंदवही आजच करा. साधी एक्सेल शीट चालेल. ती मालकाकडे आणि आणखी एका जबाबदार व्यक्तीकडे असावी, अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर नव्हे.

प्रत्येक खात्यापुढे पाच रकाने भरा: लॉगिन कोण वापरतो, नोंदलेला मोबाइल कोणाचा, नोंदलेला ईमेल कोणता, दुसरा अधिकृत माणूस कोण, आणि बदल करायला काय लागतं (डीएससी म्हणजे डिजिटल सही, ठराव, बँकेत प्रत्यक्ष जाणं). एक ओळ भरून दाखवतो:

जीएसटी पोर्टल | अकाउंटंट | अकाउंटंटचा खाजगी नंबर | अकाउंट्सचा कंपनी ईमेल | कोणी नाही | संचालकाची डीएससी

या ओळीत दोन धोके लगेच दिसतात: खाजगी नंबर, आणि दुसरा माणूस नसणं. नोंदवहीचा खरा उपयोग हाच. पासवर्ड या शीटमध्ये लिहू नका, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर वापरा.

यादी करताना हमखास सुटणाऱ्या गोष्टी:

वेबसाइटचं डोमेन आणि होस्टिंग. कोणा जुन्या माणसाने स्वतःच्या जीमेलवरून घेतलेलं असतं आणि नूतनीकरणाची सूचना अजून त्यालाच जाते.

ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) पोर्टलचे सब-यूजर. डिस्पॅचच्या मुलाला सोयीसाठी एक काढून दिलेला असतो आणि पुढे सगळेच तो विसरतात.

जेम (सरकारी खरेदीचं पोर्टल), ईपीएफओ (पीएफ), ईएसआयसी (कामगार विमा), ट्रेसेस (टीडीएस) आणि मोठ्या गिऱ्हाइकांची पुरवठादारांसाठीची व्हेंडर पोर्टल. चाकण-भोसरी किंवा सातपूर-अंबडमध्ये सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीकडे अशी तीन-चार व्हेंडर पोर्टल सहज असतात आणि प्रत्येकाचा ओटीपी वेगळ्या माणसाला जातो.

गूगल बिझनेस प्रोफाइल, फेसबुक पेज, इंडियामार्टचं खातं, दुकानाच्या क्यूआर कोडशी जोडलेलं ॲप.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), वायफायचा राउटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन. या तिन्हींचा ॲडमिन पासवर्ड बसवून गेलेल्या माणसाने ठेवला तोच अजून असतो.

तपासा: नोंदलेल्या मोबाइलच्या रकान्यात कोणाचाही खाजगी नंबर दिसला तर तो आत्ताच बदला. कंपनीच्या नावावर दोन सिम घ्या, ओटीपीचे सगळे नंबर त्यांवर आणा आणि ते फोन ऑफिसातच ठेवा. या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

सावधान: ओटीपीचं सिम रिचार्ज न करता पडू देऊ नका. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि मग तुमचे ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडतात.

टप्पा २ : राजीनामा हातात आल्यापासून ४८ तास

राजीनामा तोंडी नको, लेखी किंवा ईमेलवर घ्या आणि तो मिळाल्याचं उत्तर लेखीच द्या. त्या उत्तरात शेवटचा दिवस, चार्ज कोणाला द्यायचा आणि हिशेब कधी होईल या तीन गोष्टी स्पष्ट हव्यात.

जाणाऱ्या माणसाशी पहिल्याच दिवशी बोला. स्वर असा ठेवा: "शेवटच्या दिवशी तुमच्या नावावर काहीही राहू नये, म्हणजे पुढे काही झालं तरी तुमच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही." हे अगदी खरं आहे. त्याच्या नावाचं लॉगिन सहा महिन्यांनी कोणी वापरलं, तर पहिली चौकशी त्याचीच होते. नीट चार्ज देण्यात त्याचाही तितकाच फायदा आहे, हे पटलं की माणूस स्वतःहून विसरलेल्या गोष्टी सांगतो. राजीनामा दिला म्हणून त्याच्याशी चोरासारखं वागाल तर तीच माहिती तो गिळून टाकेल. आणि त्याने गिळलेली माहिती तुमच्या नोंदवहीत कुठेच नसते.

त्याच दिवशी आणखी दोन कामं उरका. बँकेच्या नेट बँकिंगमध्ये त्याचे अधिकार फक्त एन्ट्री करण्यापुरते ठेवा, मंजुरी दुसऱ्याकडे द्या. आणि कंपनीच्या महत्त्वाच्या डेटाचा, म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, दरपत्रकांचा, ड्रॉइंगचा ताजा बॅकअप घेऊन तो त्याच्या हाताबाहेर ठेवा. ही कामं गुपचूप करू नका. "नोटीस पिरियडमध्ये सगळ्यांसाठी हीच पद्धत आहे" असं सांगा, आणि खरोखर सगळ्यांसाठी तीच ठेवा.

टप्पा ३ : मालकी हलवणं, नोटीस पिरियडमध्ये

सगळ्यांत जास्त वेळ या टप्प्याला द्या. माणूस ऑफिसात असेपर्यंत दहा मिनिटांत होणारं काम तो गेल्यावर दहा दिवस खातं.

जीएसटी पोर्टल. अकाउंटंट अधिकृत स्वाक्षरीकर्ता असेल तर आधी नवा स्वाक्षरीकर्ता जोडा, त्याला प्रायमरी करा, त्याच्या मोबाइल-ईमेलवर ओटीपी येतोय हे बघा, आणि मगच जुनं नाव काढा. आधी जुना मोबाइल गेला आणि ईमेलही डिलीट झाला, तर संपर्क बदलण्यासाठी कागदपत्रं घेऊन तुमच्या भागातल्या कर अधिकाऱ्याकडे जावं लागतं. तोवर रिटर्नची तारीख थांबत नाही.

डिजिटल सही. डीएससी ही व्यक्तीच्या नावाची असते, पदाची नाही. संचालकाच्या डीएससीचं टोकन अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये, त्यावर चिकटपट्टीवर लिहिलेला पिन, हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की हा मुद्दा वेगळा लिहावा लागतोय. ते टोकन संचालकाने स्वतः ताब्यात घ्यावं आणि पिन त्याच दिवशी बदलावा. अकाउंटंटच्या स्वतःच्या नावाची डीएससी कंपनीच्या कामासाठी काढली असेल, तर आधी पोर्टलवरून तिची नोंद काढा आणि मग ज्या संस्थेने ती दिली तिच्याकडून रद्द करून घ्या. ती सही त्या माणसाची आहे, म्हणून रद्द करण्याचा अर्जही त्याच्याकडूनच करून घ्या. हे नोटीस पिरियडमध्येच उरका.

बँक. सहीचे अधिकार बदलायला प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला संचालक मंडळाचा ठराव लागतो, भागीदारीत भागीदारांचं पत्र. ते आधी तयार ठेवा. चेकबुकची पानं मोजून घ्या. सह्या करून ठेवलेले कोरे चेक असतील तर मालकाने स्वतः ते रद्द करावेत, "अडीअडचणीला असू देत" म्हणून ठेवू नयेत. नेट बँकिंगमधली बेनिफिशियरींची, म्हणजे ज्यांना पैसे पाठवता येतात त्यांची, यादी उघडा आणि गेल्या दोन महिन्यांत जोडलेलं प्रत्येक नाव बिलाशी ताडून बघा. एखाद्या पुरवठादाराचा खाते क्रमांक हल्लीच बदललेला दिसला, तर त्या पुरवठादाराला त्याच्या जुन्या माहीत असलेल्या नंबरवर फोन करा, बदलाच्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे.

टॅली. नव्या माणसाचं स्वतंत्र यूजरनेम काढा. जुन्याचंच लॉगिन पुढे चालू ठेवू नका, नाहीतर एप्रिलमधली एन्ट्री कोणी केली हे डिसेंबरमध्ये सांगता येत नाही. ॲडमिनचा पासवर्ड मालकाकडे हवा. बाहेरून काम करण्यासाठी टॅली डॉट नेट यूजर दिले असतील तर तेही तपासा.

सावधान: टॅली व्हॉल्ट (टॅलीचा डेटा पासवर्डने कुलूपबंद करण्याची सोय) वापरत असाल तर त्याचा पासवर्ड माणूस जाण्याआधी स्वतः टाकून बघा. हा पासवर्ड हरवला तर डेटा उघडत नाही, आणि टॅलीत मागच्या वर्षांसाठी उघडलेल्या वेगळ्या 'कंपन्यां'ना अनेकदा वेगळा पासवर्ड दिलेला असतो. प्रत्येक वर्ष उघडून बघा.

गूगल बिझनेस प्रोफाइल. इथे एक अडचण ठरलेली आहे. नवीन जोडलेल्या माणसाला पहिले ७ दिवस मुख्य मालकी देता येत नाही. शेवटच्या आठवड्यात सुरुवात केलीत तर वेळ निघून जातो. राजीनामा आला की लगेच कंपनीचा ईमेल त्यात ओनर म्हणून जोडा.

ड्राइव्ह आणि फाइली. गूगल वर्कस्पेसमध्ये माणसाच्या 'माय ड्राइव्ह'मधल्या फाइलींची मालकी त्याची असते. दुसऱ्याकडे न हलवता खातं डिलीट केलंत तर त्या फाइली त्याच्याबरोबर जातात. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइली मात्र कंपनीच्या राहतात, म्हणून कामाचं सगळं तिकडे नेण्याची सवय लावा.

व्हॉट्सॲप. गिऱ्हाइकांच्या आणि ट्रान्स्पोर्टवाल्यांच्या ग्रुपमध्ये आधी नव्या माणसाला घाला, त्याला ॲडमिन करा आणि गिऱ्हाइकाला जाणाऱ्या माणसानेच ओळख करून द्यावी. मजकूर साधा असू दे:

"नमस्कार साहेब. माझा या कंपनीतला शेवटचा दिवस येत्या शुक्रवारी आहे. यापुढे तुमच्या ऑर्डर आणि बिलांसाठी आमच्या मॅडमशी संपर्क करावा, त्यांचा नंबर खाली देत आहे. बँक खात्यात कोणताही बदल नाही. तसा मेसेज आला तर आधी ऑफिसच्या लँडलाइनवर खात्री करावी."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. माणूस बदलला की खाते क्रमांक बदलल्याचा खोटा ईमेल पाठवणाऱ्यांचं फावतं, कारण गिऱ्हाइकाला नवा आवाज आणि नवा नंबर अपेक्षितच असतो.

कंपनीच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस असेल तर त्यातला टू-स्टेप पिन त्याच्याकडून बंद करून घ्या किंवा त्याच्यासमोर बदला. पिन माहीत नसेल आणि तो बदलण्यासाठी ईमेलही दिलेला नसेल, तर नव्या फोनवर नंबर सुरू करायला ७ दिवस थांबावं लागतं.

तपासा: या टप्प्याच्या शेवटी नवा माणूस जुन्याच्या मदतीशिवाय एकदा सगळं करून दाखवू शकतो का? एक ई-वे बिल, एक बँक पेमेंटची एन्ट्री, एक ईपीएफचं चलन. जुना शेजारी बसलेला असावा, पण हात लावू नये. अडलेली प्रत्येक जागा म्हणजे नोंदवहीतली राहिलेली ओळ.

टप्पा ४ : शेवटच्या दिवशी बंद करण्याचा क्रम

वेळ आधी ठरवा. दुपारी चारला चार्ज संपतो, सव्वाचारला खाती बंद होतात, असं त्या माणसाला सांगून ठेवा. रात्री घरून बंद करू म्हटलंत की ते सोमवारवर जातं.

पासवर्ड विचारू नका, रीसेट करा. "तुझा पासवर्ड सांगून जा" ही पद्धत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. त्याच्या नावाने दुसरा माणूस आत गेला की नोंदींना काही अर्थ उरत नाही.

मग हा क्रम:

१. ईमेल. पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, टू-स्टेपसाठी नोंदलेला त्याचा फोन आणि बॅकअप कोड काढा, रिकव्हरीचा मोबाइल-ईमेल बदला. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर साइन-इन ब्लॉक करून चालू सत्रंही रद्द करा. नुसता ब्लॉक केल्यास आधी उघडलेलं सत्र काही काळ चालत राहू शकतं.

२. ईमेलमधले फॉरवर्डिंगचे नियम आणि फिल्टर उघडून बघा. प्रत्येक बिलाची प्रत खाजगी जीमेलवर जाणारा नियम दोन वर्षांपूर्वी सोयीसाठी केलेला असतो आणि पासवर्ड बदलल्याने तो बंद होत नाही.

३. फाइलींचं शेअरिंग. कंपनीचं खातं बंद झालं तरी ज्या फाइली त्याने स्वतःच्या खाजगी जीमेलशी शेअर केल्या, त्या तिथून उघडत राहतात. 'लिंक असलेला कोणीही' या पर्यायाने उघड्या ठेवलेल्या फाइलीही तशाच. दरपत्रक, गिऱ्हाइकांची यादी आणि पगारपत्रक या तीन फोल्डरचं शेअरिंग हाताने तपासा.

४. बँक, जीएसटी, ई-वे बिलचे सब-यूजर, ईपीएफओ, व्हेंडर पोर्टल. ई-वे बिलमध्ये सब-यूजर फ्रीझ करता येतो. नोंदवहीतली प्रत्येक ओळ उघडून पुढे वेळ आणि करणाऱ्याची सही घाला.

५. रिमोट ॲक्सेस. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर, फक्त त्याच्या नव्हे, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर आहे का बघा. लॉकडाउनच्या काळात घरून काम करण्यासाठी ठेवलेला अनअटेंडेड पासवर्ड (समोर कोणी नसतानाही आत जाता येतं तो) अजून चालू असतो. गरज नसेल तर प्रोग्रॅमच काढा.

६. क्रोम. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याने खाजगी जीमेलने क्रोममध्ये साइन इन केलं असेल, तर तिथे सेव्ह केलेले पोर्टलचे पासवर्ड त्याच्या खाजगी खात्यात जमा झालेले असतात आणि घरच्या फोनवरही दिसतात. त्याने मुद्दाम केलेलं नसतं, क्रोम तसं आपोआप करतं. ऑफिसच्या क्रोममधून साइन आउट केल्याने ते तिथून पुसले जात नाहीत. त्यावरचा एकच उपाय म्हणजे सामायिक वापराचा प्रत्येक पासवर्ड बदलणं.

७. वायफाय, डीव्हीआर, हजेरी मशीन, दाराचा कोड, किल्ल्या. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढा आणि ग्रुपची जुनी इन्व्हाइट लिंक रीसेट करा.

सावधान: ग्रुपमधून काढलं तरी आधीचे मेसेज आणि फाइली त्याच्या फोनवर राहतात. त्यासाठी त्याचा खाजगी फोन मागणं, गॅलरी तपासणं, फोन रीसेट करायला लावणं हे करू नका. तुम्हाला तो अधिकार नाही. कंपनीची माहिती हटवली आहे असं लेखी घ्या, आणि यापुढे दरपत्रकं ग्रुपवर टाकणं थांबवा.

ईमेल आयडी पूर्ण बंद केल्यास गिऱ्हाइकांचे मेल परत जातात. गूगल वर्कस्पेसमध्ये सस्पेंड केलेल्या खात्यावर येणारा मेल स्वीकारला जात नाही आणि पाठवणाऱ्याकडे परत जातो. म्हणून पहिले दोन-तीन महिने खातं वरीलप्रमाणे कुलूपबंद करून चालू ठेवा, मेल नव्या माणसाकडे वळवा आणि आपोआप उत्तर लावा. डिलीटची घाई नको: गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं परत आणायला २० दिवस मिळतात, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवस. वार्षिक नूतनीकरणाच्या सूचना वर्षातून एकदाच येतात, या मुदतीत त्या येतीलच असं नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये मेलबॉक्स शेअर्ड करून ठेवता येतो आणि ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही.

लॅपटॉप घेतल्या घेतल्या फॉरमॅट करू नका. चालू करून, चार्जर आणि सीरियल नंबर ताडून, त्याच्यासमोर पोचपावती करा. त्यात त्याचे खाजगी फोटो किंवा कागद असतील तर ते काढून घ्यायला आधीच वेळ द्या. नंतर लॅपटॉप किमान तीन महिने कपाटात ठेवा. वादाची शक्यता वाटत असेल तर त्याला कोणीही हात लावू नये.

टप्पा ५ : हिशेब आणि कागद

हा सुरक्षेचाच भाग आहे. पैसे अडलेला माणूस चार्जमधल्या विसरलेल्या गोष्टी सांगायला फोन उचलत नाही.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्या किंवा काढलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. "फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) ४५ दिवसांनी" ही जुनी सवय त्यामुळे सोडायला हवी. याचा चार्जच्या वेळापत्रकावर सरळ परिणाम होतो: नो ड्यूजच्या (काही देणं-घेणं बाकी नसल्याच्या) सह्या शेवटच्या दिवसानंतर गोळा करत बसायला वेळ नाही, त्या शेवटच्या आठवड्यातच पूर्ण व्हाव्या लागतात. ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते.

ईपीएफओ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनेच वेळेत भरावी. नाही भरली तर त्या माणसाला ती स्वतः भरण्यासाठी दोन महिने थांबावं लागतं आणि तोवर त्याचा पीएफ अडकतो.

लॅपटॉप परत आला नाही म्हणून पगार किंवा रिलिव्हिंग लेटर अडवून ठेवणं ही फार पसरलेली चूक आहे. वस्तूची मागणी लेखी, वेगळी करा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची पद्धत असेल तर ती आजच बंद करा.

"दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही" अशा करारावर विसंबू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं कलम मात्र टिकू शकतं, पण त्यात काय गोपनीय हे नाव घेऊन लिहिलेलं हवं: दरपत्रक, गिऱ्हाइकांची यादी, ड्रॉइंग, डाय-मोल्डची मापं. शेवटच्या दिवशी या यादीची प्रत त्याला द्या आणि मिळाल्याची सही घ्या.

टप्पा ६ : अचानक काढावं लागलं तर

इथे टप्पा ३ आणि ४ ची अदलाबदल होते. गैरवर्तनासाठी काढत असाल तर नोटीस आणि चौकशीची कायदेशीर प्रक्रिया आधी वकिलाच्या सल्ल्याने पूर्ण करा. चौकशी चालू असताना प्रवेश मर्यादित ठेवा. निर्णय सांगण्याची बैठक सुरू होते त्याच वेळी दुसऱ्या खोलीत बसलेल्या माणसाने टप्पा ४ ची यादी सुरू करावी. त्याच्या हातात यादी छापलेली असावी आणि ॲडमिनचे पासवर्ड आदल्या दिवशी तपासलेले असावेत. बैठकीत दोघं असावेत, बोलणं थोडक्यात आणि आवाज न चढवता. खाजगी सामान जाणाऱ्या माणसाने स्वतः गोळा करावं, साऱ्या मजल्यासमोर वॉचमन मागे उभा करण्याची गरज नसते.

जाणारा माणूस कॉम्प्युटर बघणाराच असेल तर बंद करण्याचं काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्या आणि ॲडमिन खात्यांची संख्या मोजा. क्लाउडच्या चाव्या वेगळ्या शोधाव्या लागतात. अमेरिकेत सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या एका माजी इंजिनिअरने राजीनाम्यानंतर पाच महिन्यांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, कंपनीच्या क्लाउडवर शिरून ४५६ व्हर्च्युअल मशीन (क्लाउडवरचे कॉम्प्युटर) डिलीट केली आणि वेबेक्स टीम्स या तिच्या मीटिंग-मेसेजिंग सेवेची १६,००० हून अधिक खाती बंद पडली. एवढ्या मोठ्या कंपनीतही त्याची वाट पाच महिने उघडी होती.

टप्पा ७ : सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी

सातव्या दिवशी लॉगिनच्या नोंदी उघडा: ईमेल, बँक, टॅली, पोर्टल. त्याच्या नावाने शेवटच्या दिवसानंतर एकही यशस्वी लॉगिन नसावं. नुसता फसलेला प्रयत्न दिसला तर लगेच आरोप करू नका, बहुतेकदा घरचा जुना फोन आपोआप मेल तपासत असतो.

तिसाव्या दिवशी एका महिन्याचं पूर्ण चक्र झालेलं असतं: जीएसटी रिटर्न, टीडीएस, पीएफ, पगार. यातलं एखादं काम करायला जुन्याला फोन करावा लागला का, हे नव्या माणसाला विचारा. करावा लागला असेल तर कोणत्या ओटीपीसाठी किंवा पासवर्डसाठी, ते नोंदवहीत घाला आणि त्याच दिवशी दुरुस्त करा.

नव्वदाव्या दिवशी जुन्या ईमेलवर अजून काय येतंय ते चाळा. डोमेन, लायसन्स, विमा यांच्या सूचना दिसल्या तर त्या त्या ठिकाणी पत्ता बदला. येणं थांबलं की मगच खातं डिलीट करा आणि लॅपटॉप पुसून दुसऱ्याला द्या.

या काळात खरोखरच कोणी शिरल्याचं दिसलं तर आधी नोंदींच्या प्रती आणि स्क्रीनशॉट काढा, मग पासवर्ड बदला. परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं किंवा डेटा नेणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं ४३ आणि ६६ लागू होतात. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून प्रत कोणी, कधी, कोणत्या मशीनवरून काढली हे तेव्हाच लिहून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते आणि सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा आणि त्यासोबतच बँकेला कळवा. त्या माणसाला स्वतः फोन करून जाब विचारू नका, तो बोलण्याआधी पुरावा पुसला जाऊ शकतो.